मातीचा सामू लिहिता, मग हवेचा का नाही?

केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांत हवेची मानकं ठरवणाऱ्या आणि हवा मोजणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

माझ्या टेबलावर आत्ता दोन कागद आहेत. पहिला माझ्या श्रीवर्धनच्या वाडीची मृदा आरोग्य पत्रिका. २०१५ साली सरकारने ही योजना आणली, तेव्हापासून हा कागद शेतकऱ्याच्या हातात येतो. त्यावर सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; अंक जितका कमी तितकं आंबट) आहे, क्षारता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, आणि पुढे नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. अन्नद्रव्यांचा हिशेब 'उपलब्ध' या एका शब्दावर चालतो. मातीत लोह एकंदर किती आहे, हे त्या कागदाला सांगायचंच नाही. वाडीचा वरचा तुकडा जांभ्यावर आहे, तिथे लोह इतकं की पावसाळ्यात धुतलेलं धोतर वाळत घातलं तरी काठ तांबडा होतो. त्यातलं पोफळीच्या मुळाला किती मिळेल, एवढंच पत्रिका विचारते.

दुसरा कागद हवेचा. संकेतस्थळावरून छापून घेतलेला. पीएम १० आणि पीएम २.५ (म्हणजे १० आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे धूलिकण), सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत एकंदर १२ गोष्टी आहेत. धातूंच्या रांगेतल्या तीन, शिसं, आर्सेनिक आणि निकेल. शिशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिकची ६ नॅनोग्रॅम, निकेलची २०. तिन्ही आकडे 'एकूण' धातूचे. तांबं, लोह, मंगल, व्हॅनेडियम यादीतच नाहीत. आणि सामू कुठेच नाही.

माझं मागणं एवढंच आहे की पहिल्या कागदाची अक्कल दुसऱ्याला द्या: हवेतल्या कणांचा सामू किती आणि त्यातला किती धातू पाण्यात विरघळतो, तेही लिहा. पुढे लिहिलंय ते हे मागणं मला का सुचलं त्याबद्दल.

मी रसायनशास्त्राची. मुंबईत एका खासगी प्रयोगशाळेत १९ वर्षं पाणी, माती आणि हवेचे नमुने तपासले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं आणि वडिलांच्या हातच्या निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. वडील तेव्हा ७८ वर्षांचे. मी नोकरी सोडून परत आले. पोफळ लावल्यावर पहिली सुपारी दिसायला पाचसहा वर्षं जातात, त्यामुळे उरलेली झाडं जिवापाड जपायची होती.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर कोळेरोगाची (सुपारी कुजवून गळवणाऱ्या रोगाची) फवारणी आली. आमच्याकडे यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध, बोर्डो मिश्रण. मोरचूद (तांब्याचं सल्फेट) १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मी काट्यावर वजन केलं, अगदी ग्रॅमपर्यंत. मोरचूद वेगळ्या पिंपात, चुना वेगळ्या पिंपात, दोन्ही प्लॅस्टिकची. मग तिसऱ्या पिंपात दोन्ही एकत्र. निळंशार मिश्रण झालं. पंपाने घडांवर मारलं. चार दिवसांनी कोवळ्या सुपाऱ्या करपून खाली पडायला लागल्या.

वाडीत आमचे जुने गडी आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते पिंपाच्या तळाशी उरलेल्या पाण्यापाशी उकिडवे बसले, कोयता दगडावर घासून लखलखीत केला आणि पातं त्यात बुडवलं. थोड्या वेळाने काढलं तर पात्यावर तांबूस पुट चढलेलं.

"ताई, कोयता बुडवून बघितलात नाय?"

"नाही. पण वजन बरोबर होतं, तात्या."

"मोरचूद बरोबर हाय. चुना मेलेला हाय."

पिशवी उघडी राहिल्यामुळे चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकला होता आणि त्याचा जोर गेला होता. ताज्या चुन्याबरोबर मोरचुदातलं तांबं न विरघळणाऱ्या रूपात बसतं, पानाला चिकटून राहतं आणि गरजेपुरतं हळूहळू सुटतं. चुना कमी पडला की मिश्रण आंबट राहतं, तांबं मोकळं राहतं आणि कोवळं शेंडं, कोवळं फळ जाळतं. मोकळं तांबं लोखंड दिसलं की त्यावर जाऊन बसतं. कोयत्याची परीक्षा म्हणतात ती हीच. १९ वर्षं सामूमापक हाताळलेल्या बाईला हे कोयत्याकडून शिकावं लागलं, याची लाज अजून वाटते.

पण त्या दिवशी मला आठवली ती दुसरीच गोष्ट, मुंबईतली.

हवेचा नमुना म्हणजे काय, हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. यंत्र चोवीस तास हवा ओढतं आणि कण गाळणकागदावर अडकतात. कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन म्हणजे धूळ. धातू हवे असतील तर त्या कागदाची पट्टी कापायची, बीकरमध्ये तीव्र नायट्रिक आम्लात टाकायची आणि गरम तव्यावर तासन्‌तास उकळायची. पिवळी-तपकिरी वाफ निघते. शेवटी पट्टीवरचं बहुतेक सगळं द्रावणात उतरतं. ते यंत्राला पाजायचं, आकडा घ्यायचा. मी हे किती हजार वेळा केलं असेल, देव जाणे.

एकदा एका शिकाऊ मुलीने लेबल चुकीचं वाचलं आणि काही पट्ट्या आम्लाऐवजी साध्या शुद्ध पाण्यात भिजत ठेवल्या. शनिवार-रविवार मध्ये गेला. सोमवारी मी ते पाणी ओतून देणार होते, पण उत्सुकता म्हणून गाळून यंत्रावर लावलं. दोन ठिकाणचे कागद होते. उरलेल्या पट्ट्या आम्लात उकळल्यावर दोन्हीकडे एकूण लोह जवळपास सारखं निघालं. पाण्यात उतरलेलं लोह मात्र एकीकडे दुसरीकडच्या कितीतरी पट. मी साहेबांना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "हा आकडा कोणत्या रकान्यात भरणार?" रकाना नव्हता. पाणी ओतून दिलं.

माणूस हवा आत घेतो तेव्हा त्याच्या छातीत उकळतं नायट्रिक आम्ल नसतं. समुद्राच्या वरच्या थरातही नसतं. तिथे असतं पाणी, जवळपास उदासीन. म्हणजे आपण ज्या पद्धतीने मोजतो त्या पद्धतीने त्या कणाशी कुणीच वागत नाही. त्यातलं किती विरघळणार, हे कण आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी हवेत काय काय सोसून आलाय यावर ठरतं.

आणि तो काय सोसून येतो? आमच्याकडे आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. झाकण कितीही घट्ट लावा. हवेतल्या कणांचंही तेच होतं. सल्फेटचे, नायट्रेटचे, समुद्राच्या मिठाचे कण ओल्या हवेत पाणी ओढून घेतात आणि त्यांच्याभोवती एक पातळ ओला पापुद्रा तयार होतो. पीएम २.५ मधला कण म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहून लहान. त्याच्याभोवतीचं पाणी असून किती असणार? पण आम्ल तेवढ्याच पाण्यात विरघळलेलं असल्यामुळे ते भयंकर तीव्र होतं. स्वच्छ पावसाचा सामू कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो. सूक्ष्म कणांचा सामू जगात ठिकठिकाणी शून्याखालपासून ५ पर्यंत काढला गेलाय, आणि १ ते ३ ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. लिंबाचा रस २ ला असतो. एक अंक खाली म्हणजे आम्ल दहापट, हे तुम्हाला सांगायला नको.

आता त्या पापुद्र्यात तांब्याचा ऑक्साइड घाला. वाहनांच्या ब्रेकच्या भुकटीत तांबं असतं, आणि घाटात उतरताना गाडीवाले ब्रेकवर किती पाय ठेवतात ते म्हसळ्याच्या वळणांवर नुसत्या वासाने कळतं. पापुद्र्यातलं आम्ल बहुतेक गंधकाचं. तांब्याचा ऑक्साइड आणि गंधकाचं आम्ल मिळून काय होतं? मोरचूद. लोखंडाच्या बाबतीत तसंच पाहिलं तर हिराकस (लोहाचं सल्फेट) आणि तिची भावंडं. खताच्या दुकानात किलोवर मिळणारे हे पदार्थ हवेत आपोआप तयार होतात आणि आपण नाकाने घेतो. मात्रा अर्थातच अतिसूक्ष्म. पण तात्यांच्या शब्दांत सांगायचं तर इथे चुना मेलेला असतो.

माझी आजी हे एका शब्दात सांगायची. आमटीत चार आमसुलं पडली आणि भांड्याची कल्हई उडालेली असली की ती म्हणायची, "उतरून ठेव गो, कळकेल." पितळेच्या पातेल्यात वरण रात्रभर राहिलं तर काही होत नाही, ताक राहिलं तर हिरवट होतं आणि प्यायलं तर मळमळतं. पातेलं दोन्ही वेळा तेच. हवा कळकते म्हटलं तर लोक हसतील, पण जे घडतं त्याला मराठीत याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

कळकलेली हवा छातीत काय करते? तांबं, लोह आणि मंगल हे धातू इलेक्ट्रॉन देण्या-घेण्यात तरबेज. विरघळलेल्या रूपात ते फुफ्फुसाच्या आतल्या ओलाव्यात गेले की ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रूपं तयार करत राहतात, आणि धातू स्वतः संपत नाही, पुन्हा तेच करायला मोकळा. न विरघळलेला गंजाचा कण त्या मानाने आळशी. म्हणून दोन गावांत पीएम २.५ सारखंच असलं तरी दोन्हीकडची हवा सारखीच त्रासदायक असेल असं नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या हवा-निर्देशात कणांची ही ऑक्सिडीकारक ताकद निवडक मोठ्या केंद्रांवर मोजण्याचा विषय आला आहे. आपल्याकडे निदान चर्चा तरी व्हावी.

इथवर वाचून आम्ल म्हणजे राक्षसच असं वाटेल, तर तसं नाही. मी शेतकरी आहे, मला दुसरी बाजूही दिसते.

सिंगल सुपर फॉस्फेट कसं बनतं? खडकातलं स्फुरद मुळांच्या उपयोगाचं नसतं, म्हणून कारखान्यात त्यावर गंधकाचं आम्ल ओततात आणि ते विद्राव्य होतं. धुळीच्या कणात ॲपटाइट नावाचं हेच खनिज असतं आणि आम्लाच्या पापुद्र्यात त्याचं हेच होतं. वाऱ्याबरोबर चालता चालता खत तयार. लोहाचंही तसं. जमिनीवरून नुकत्याच उडालेल्या धुळीतलं लोह शेकडा एकसुद्धा विरघळत नाही. लांबचा प्रवास आणि आम्लाचा मार खाऊन आलेल्या धुळीतलं अनेक पटींनी जास्त विरघळतं. इंधनाच्या धुरातलं, विशेषतः जड तेल जाळून आलेलं लोह तर त्याहूनही सहज. जगातल्या काही महासागरांत इतर अन्न भरपूर असूनही लोहाअभावी सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत, तिथे वाऱ्याने आलेलं हे विद्राव्य लोह म्हणजे जेवणच. आपल्या किनाऱ्यालगत लोहाची तेवढी वाण नसावी, सावित्री आणि कुंडलिका दर पावसाळ्यात तांबडं पाणी ओततातच. पण त्याच कणातून तांबंही सुटतं, आणि तांबं जास्त झालं की काही सूक्ष्म वनस्पतींना ते मारक. माझ्या घडांवर जे झालं तेच, फक्त पाण्यात.

(जांभ्याच्या आंबट जमिनीत मात्र स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून अडकतं. म्हणजे जे आम्ल हवेत स्फुरद सोडवतं त्याच्याच संगतीत ते मातीत कोंडलं जातं. निसर्ग आपल्या सोयीने वागत नाही.)

नत्राची गोष्ट याहून मजेशीर आहे, आणि ती मी लहानपणी अंगणात पाहिलीय. कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भाता बसवायचा, पातेलं निखाऱ्यांवर लालसर तापवायचं, कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवायचा. भक्कन पांढरा धूर. आम्ही पोरं नाक धरून पळायचो, आणि परत यायचो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलं की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. वर गार हवेत गेले की पुन्हा एकमेकांना धरतात आणि पांढरे कण होतात. तो धूर म्हणजे हेच कण.

हवेत दिवसरात्र हाच खेळ चालतो, फक्त निखाऱ्याची भूमिका ऊन आणि आम्लता मिळून करतात. कण आंबट असला की अमोनियाला धरून ठेवतो आणि त्याला घेऊन लांब जातो. आंबटपणा कमी असला की अमोनिया वायूच राहतो, आणि वायू जवळपास लवकर उतरतो. नायट्रिक आम्लाचं नेमकं उलट. कण फार आंबट असेल तर ते बाहेर फेकलं जातं, वायू होतं आणि पहिल्या झाडाला, पहिल्या कौलाला चिकटतं. कण सौम्य असेल तर नायट्रेट होऊन आतच राहतं. म्हणजे भातखाचरात युरिया फेकल्यावर उडालेलं नत्र माणगावच्याच रानात पडणार की अरबी समुद्रावर, याचा निकाल बऱ्याच अंशी कणांचा सामू देतो. आणि तो सामू आपल्या कोणत्याच कागदावर नाही.

'कोकणची हवा स्वच्छ, तिथे एवढं कशाला?' हे मला अनेकदा ऐकवलं गेलंय. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला तो शहरांसाठी, आणि त्याच्या यादीत नवी मुंबईच्या दक्षिणेला आमच्या किनाऱ्यावर कुणी नाही. धुळीच्या वजनावर पाहिलं तर ते बरोबरही असेल. पण इथे तीन गोष्टी एकत्र येतात.

एक तर ओल. वर्षातले बहुतेक दिवस इथले कण ओले असतात. ओल वाढली की आम्ल थोडं पातळ होतं हे खरं, पण विरघळायला पाणीही मिळतं. दोन्हींचा हिशेब घरबसल्या लागत नाही.

मग वारा. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा, पण दिवाळीनंतर वारा फिरतो. पहाटेच्या मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर, होड्या बाहेर पडतात तेव्हा तीच मतलई देशावरची, घाटाखालची, शहरांवरची हवा समुद्रावर ढकलत असते, आणि दुपारी खारा वारा त्यातली काही परत आणून देतो. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात इंडोएक्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. भारतीय उपखंडावरून निघालेला हिवाळी धुरकट थर अरबी समुद्रावर आणि खाली हिंदी महासागरापर्यंत पसरलेला तिने नोंदवला. त्या थराच्या उंबरठ्यावर आम्ही बसलोय. शिवाय समोरून जहाजं जातात. जहाजांच्या जड तेलातून गंधकाबरोबर व्हॅनेडियम आणि निकेल येतं. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. त्याने इथल्या हवेचा आंबटपणा कमी झाला का? आधीचा सामू कुणी लिहून ठेवला असता तर सांगता आलं असतं.

आणि तिसरा चुना. भारतात बऱ्याच भागांत पाऊस फारसा आंबट होत नाही त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपली धूळ. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, ती हवेत उडून आम्ल मारते. जांभ्यात चुना जवळपास धुऊन गेलेला. आमची तांबडी धूळ लोह भरपूर देते आणि ते सुटू नये म्हणून लागणारा चुना देत नाही. समुद्राच्या ताज्या तुषारांना थोडी अल्कता असते, पण ती पटकन संपते. मिठाच्या कणाला नायट्रिक आम्ल भेटलं की सोडियम नायट्रेट होतं आणि हायड्रोजन क्लोराइड हवेत सुटतं. समुद्राच्या पाण्याच्या या अल्कतेचा उपयोग माणसाने केलेला आहेच, डहाणूच्या वीजकेंद्रात धुरातलं गंधक समुद्राच्या पाण्याने धुतात.

गंधकाचा विषय निघालाच आहे तर थोडं स्पष्ट बोलते. जुलै २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने देशातल्या बहुसंख्य कोळसा वीजकेंद्रांना हे गंधक धुण्याच्या अटीतून मोकळं केलं. हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, हा त्यामागचा एक मुद्दा. खर्चाचे मुद्दे मला कळतात, त्यावर मी वाद घालणार नाही. पण सल्फर डायऑक्साइड हवेत फार दिवस सल्फर डायऑक्साइड राहत नाही. चिमणीपासून तुमच्या यंत्रापर्यंत येता येता त्यातला बराचसा सल्फेट होऊन कणांत बसतो. यंत्र म्हणतं वायू कमी आहे, आणि ते खोटं बोलत नाही. चोर वेशीवर कपडे बदलून गावात शिरला तर पाटलाच्या वहीत चोर आल्याची नोंद होत नाही, तसं.

उलटही ऐका. गंधक कमी केलं म्हणजे आंबटपणा त्याच प्रमाणात उतरला असंही धरू नका. अमेरिकेच्या आग्नेय भागात पंधरा वर्षांत सल्फेट भरपूर कमी झालं, तरी तिथल्या सूक्ष्म कणांचा सामू शून्य ते दोनच्या दरम्यानच राहिल्याचं दिसलं. सल्फेट कमी झालं तसा कणांतला अमोनियाही वायू होऊन बाहेर पडत गेला आणि तराजू तिथेच राहिला. म्हणून एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. कोयता बुडवूनच बघावा लागतो.

हवेच्या कणात कोयता बुडवता येत नाही, ही तुमची अडचण मला मान्य आहे. कणाभोवतीचं पाणी इतकं कमी की त्यात लिटमस घालायला जागाच नाही, आणि गाळणकागद पाण्यात भिजवून त्या पाण्याचा सामू घेतला तर तो पातळ झालेला, भलताच येतो. पण यावर मार्ग आहे. कणांतले आयन (क्षार पाण्यात विरघळले की सुटणारे भारित घटक) मोजायचे, सोडियम, अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट. सोबत हवेतला अमोनिया वायू, तापमान आणि आर्द्रता. यावरून समतोलाचं गणित मांडून सामू काढतात. आयसोरोपियासारखी गणिती प्रारूपं त्यासाठी १९९८ पासून वापरात आहेत. अमोनिया तुमच्या १२ च्या यादीत आधीच आहे. तापमान, आर्द्रता बहुतेक स्वयंचलित केंद्रांवर असते. उरतो तो गाळणकागद.

तर कृपा करून त्या कागदाची एक पट्टी नायट्रिकमध्ये उकळा आणि शेजारची पट्टी पाण्यात हलवा. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी छापा, एकूण तांबं आणि विद्राव्य तांबं, एकूण लोह आणि विद्राव्य लोह. त्याच पाण्यातून आयन काढा आणि विद्राव्य स्फुरदही. कागद उन्हात तापलेल्या गाडीतून आणू नका, अमोनियम नायट्रेट वाटेतच उडून जातं. आम्ही त्या काळी आणायचो, चुकत होतो. शीतपेटीत ठेवा. हे सगळीकडे आणि रोज करायला मी सांगत नाही. कोकणात दोन जागा पुरेत, एक किनाऱ्यावर आणि एक घाटाच्या पायथ्याशी, महाड किंवा रोह्याकडे. आठवड्यातून एक दिवस, पण वर्षभर. मार्गशीर्ष ते फाल्गुन मात्र चुकवू नका. गोव्यातल्या दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. एकाला समुद्र कळतो, दुसऱ्याला माती. मधली हवा तुमची.

मर्यादा लगेच ठरवा असं मी म्हणत नाही. मर्यादा ठरवायला आधी आकडे लागतात आणि आकडे यायला आधी रकाना लागतो. २००९ ची यादी पुन्हा उघडाल तेव्हा तिथे 'विद्राव्य' हा शब्द आणि सामूसाठी एक चौकट असावी. मृदा पत्रिकेचा नमुना कृषी खात्याकडे तयार आहे, मागितला तर देतील.

जागेची अडचण असेल तर माझ्या सुपारीच्या खळ्याला लागून एक गच्ची आहे. समुद्र तिथून पाचशे पावलं, मध्ये फक्त माडाची एक रांग. जवळपास भट्टी नाही, चूल नाही, रस्ता मागच्या बाजूला. वीज जाते, पण आता इन्व्हर्टर घेतलाय. कागद ठेवायला फ्रीझरचा एक कप्पा मोकळा करून देईन, सध्या तिथे आगळाच्या बाटल्या आहेत. कागद बदलायचं काम मी स्वतः करेन, त्याचे पैसे नकोत. फक्त ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यात यंत्र बंद ठेवावं लागेल. तेव्हा वाडीत बोर्डोची फवारणी असते, तुमच्या कागदावर तांबं माझंच येईल.

गच्चीचा जिना लोखंडी आहे आणि खालच्या दोन पायऱ्या खाऱ्या हवेने खाल्ल्या आहेत. माणूस पाठवाल तेव्हा तिसरीपासून पाय ठेवायला सांगा.

आपली,
श्रीवर्धनची एक वाडीवाली